चाळिसावा कटर

फोन आला तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती, आणि चिमटी गोदामाच्या कोपऱ्यात एका रिकाम्या पेटीवर बसून स्वतःवर बेहद्द खूश होती. माणसानं खूश होऊ नये असं माझं म्हणणं नाही, पण जरा इकडंतिकडं बघून व्हावं.

"पोरी," पलीकडून कारखान्यातले लेथकाका म्हणाले, "तुझ्या टेबलावरचा मापाचा कटर माझ्या हातात आहे."

"मग?"

"खटका सोडला की पातं आत जातंय."

चिमटीला आधी काही कळेना. पातं आत जातंय, मग छानच की! त्यासाठी तर तिनं तीन वर्षं रक्ताचं पाणी केलं होतं. मग एकदम लख्ख कळलं.

हे जरा समजावून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की कटर नीट चालतोय तर या बाईला घाम कशाला फुटला. खोकी कापायचा साधा कटर तुम्ही पाहिलाच असेल. खटका पुढं सरकवला की पातं बाहेर, आणि मागं घ्यायला विसरलात तर ते तसंच बाहेर. चिमटीनं केलेला कटर वेगळा होता. खटक्यावर अंगठा दाबून धरला तोवरच पातं बाहेर राहायचं. अंगठा उचलला, हात निसटला, कुणी हाक मारली म्हणून लक्ष उडालं, काहीही झालं की आतली स्प्रिंग पातं मागं ओढून घ्यायची. खट्ट! शिवाय पातं बाहेर यायचं तेही पुठ्ठ्याच्या जाडीपेक्षा जेमतेम केसभर जास्त, म्हणजे खोकं कापलं जाईल पण आतला माल नाही, आणि चुकून बोट मध्ये आलंच तर खोलवर जाणार नाही.

आता हे पातं नेमकं किती बाहेर यावं, हे ठरवण्यासाठी तिनं एक मापाचा कटर बनवला होता. बाहेरून हुबेहूब तसाच. आत मात्र स्प्रिंगच्या जागी रबराची चकती, त्यामुळं खटका जिथं सोडाल तिथंच घट्ट बसायचा, आणि पातं पूर्ण बोटभर बाहेर यायचं. त्यावर ओळखायला लाल ठिपका होता. होता, म्हणजे काल संध्याकाळपर्यंत होता. काल चिमटीबाईसाहेबांना हुक्की आली की उद्या माणसांच्या हातात द्यायचे तर कटर कसे चकाचक दिसले पाहिजेत. म्हणून टेबलावरचे सगळेच्या सगळे स्पिरिटनं पुसून काढले. ठिपकाही गेला, आणि पेटीत चाळीस मोजून भरताना एक चांगला टेबलावर राहिला आणि मापाचा पेटीत गेला.

"काका, म्हणजे तो इथं आहे."

"चाळिसांतला एक," लेथकाका म्हणाले. लेथकाका, चिमटी आणि आणखी दोन माणसं, एवढाच त्यांचा कारखाना. "ऐक. आरडाओरडा करू नकोस. गुपचूप शोध, खिशात घाल आणि मोकळी हो. आज काही गडबड झाली ना, तर आपला कटर संपला म्हणून समज."

खरंच होतं ते. ज्यांचं हे गोदाम, त्यांची अशी आणखी सोळा गोदामं होती. आजचा दिवस सुरळीत गेला तर सगळीकडे जुने कटर जाऊन हे येणार होते. सुपरवायझरच्या टेबलावर एक कागद होता, त्यावर दोन चौकटी, एक 'हो'ची आणि एक 'नाही'ची. त्याच्या गळ्यात सदानकदा शिट्टी असायची, म्हणून सगळे त्याला शिट्टीसाहेब म्हणायचे. सकाळीच त्यानं सांगितलं होतं, "बाई, माझ्या हॉलमध्ये दिवसभर काम थांबता कामा नये आणि रक्त सांडता कामा नये. एवढं जमलं तर 'हो'."

पण चिमटी घाबरली ती काही या कागदामुळं नाही. सकाळी आठला तिनं स्वतः खोकी वाहणाऱ्या पट्ट्यासमोर उभं राहून चाळीस जणांना शिकवलं होतं. "कापून झालं की अंगठा उचला आणि सरळ खिशात टाका. बघायची गरज नाही. पातं आपोआप आत गेलेलं असतं." तीनतीनदा करून घेतलं होतं सगळ्यांकडून. एका बाईनं सवयीनं पात्याकडं पाहिलं, तर तिला हसून म्हणाली होती, "बघू नका मावशी, विश्वास ठेवा!" घ्या आता. जुना कटर परवडला, त्याच्याकडं माणूस निदान भीतीनं बघायचा तरी.

एक बरं होतं. माल आणणारी गाडी दोन तास उशिरा आली होती, त्यामुळं कापाकापीला आत्ता कुठं पाच मिनिटं झाली होती. साडेदहाला सुट्टीची घंटा. घंटा झाली की चाळीस माणसं एकाच वेळी कटर खिशात टाकणार, न बघता, तिनं शिकवलं होतं तसं, आणि बाहेर जाऊन ऐसपैस बसणार.

तिनं हॉलभर नजर फिरवली. लांबलचक पट्टा, त्याला लागून आठ-आठ माणसांची पाच टेबलं. चौथ्या टेबलाच्या टोकाला तिची आई.

आईबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. बावीस वर्षं ती याच हॉलमध्ये खोकी उघडत होती. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी तिनं पेन काढायला एप्रनच्या खिशात हात घातला, आणि खिशात जुना कटर उघडा राहिला होता. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी पातं गेलं. टाके पडले, जखम भरली, पण अंगठ्यातला जोर निम्मा गेला आणि बोटांच्या टोकांची जाण गेली ती गेलीच. गरम भांडं हातात घेतलं तरी तिला चटका कळत नसे, वास आला की कळायचं. चिमटी तेव्हा दरवाज्यांच्या कड्या-कोयंड्यांची चित्रं काढत होती. ते सोडून तिनं कटर हातात घेतला. प्रत्येक नमुना आधी घरी जायचा, आईच्या हातात. "कसा वाटतो?" आई दहा-वीस वेळा खटका दाबायची, खट्ट खट्ट करायची आणि म्हणायची, "छान आहे गं. हाताला अगदी हलका." असे अकरा नमुने झाले, आणि अकराही छान.

चिमटी उठली. चेहऱ्यावर हसू चिकटवलं आणि पहिल्या टेबलाशी गेली.

"पकड कशी वाटते, दादा? बघू जरा."

कटर घेतला, अंगठा दाबला, सोडला. खट्ट. परत दिला. दुसरा. खट्ट. तिसरा. आठवा झाला. दुसऱ्या टेबलावर गेली. अकरावा, बारावा. मनात एकच विचार. ज्याच्याकडं तो कटर आहे त्याला एव्हाना कळायला हवं होतं. पहिल्याच खोक्याला कळेल की पातं आत जात नाही. मग तो बोलत का नाही? हात वर करून हाक का मारत नाही? की त्यानं अजून एकही खोकं कापलेलं नाही?

"बाई!" मागून शिट्टीसाहेब. "माणसांना काम करू द्या. तुमचं बघणं काय ते सुट्टीत बघा."

"दोनच मिनिटं, साहेब. पकड बघतेय."

"पकड त्यांची आहे ना? मग त्यांना कळेल." घड्याळ बघत तो तिसऱ्या टेबलाकडं गेला.

दहा वाजून आठ. सोळा झाले. तिसऱ्या टेबलावरचे सगळेच्या सगळे खट्ट. चोवीस. चौथ्यावर सातजण, सगळे खट्ट. आईपाशी पोचली तर आईनं मान वर न करताच तिला झटकून टाकलं.

"माझ्याकडं काय बघतेस? माझा छान आहे. जा, लोकांचे बघ. सगळे म्हणतील पोरगी आईपाशीच घुटमळते."

आणि चिमटी पुढं गेली. गेली ती गेलीच. अकरा नमुने जिनं छान म्हटले तिचा बारावा बघायचा कशाला?

पाचव्या टेबलावर एक गाणारा होता. हा बाबा सकाळपासून गुणगुणत होता. चिमटी त्याच्यापासून चार हातांवर असताना त्यानं खोकं उघडलं, अंगठा उचलला, न बघता कटर पँटच्या मागच्या खिशात सरकवला आणि पायातला बूट घट्ट करायला बाजूच्या खोक्यावर धपकन बसला.

चिमटीनं तोंड उघडलं. आवाज निघेना. तो बसला, त्यानं नाडी ओढली, गाठ मारली आणि वर पाहिलं.

"काय झालं, ताई? भूत दिसलं का?"

त्याला काही झालं नव्हतं. त्याचा कटर चांगला होता, चिमटीनं शिकवल्याप्रमाणं मिटून खिशात गेला होता. पण तिचा जीव तेवढ्यात जाऊन परत आला होता. उरलेले सात बघायला आणखी तीन-चार मिनिटं लागली असती, आणि त्यातल्या कुठल्याही क्षणी दुसरा कुणीतरी असाच बसला असता. गुपचूप शोधतेय म्हणे! कुणासाठी गुपचूप? तिला स्वतःची शिसारी आली. खांबावर लाल बटण होतं. ती धावत गेली आणि तळहातानं दाबलं.

पट्टा थांबला. हॉलमध्ये इतकी शांतता झाली की छतावरचा पंखा ऐकू आला.

"खिशात काही टाकू नका!" ती ओरडली. आवाज चिरकला. "कुणीही बसू नका. कटर हातात धरा, अंगापासून लांब. चाळिसांतला एक खराब आहे. माझ्या चुकीनं आलाय. त्याचं पातं आत जात नाही. सगळे कटर पट्ट्यावर ठेवा, एकेक करून. माझी चूक आहे, तुमची नाही."

शिट्टीसाहेबाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण बघायला कुणाला सवड नव्हती. तो मात्र माणूस कामाचा निघाला. शिट्टी फुंकली आणि ओळी लावल्या. माणसं एकेक करून आली आणि कटर ठेवून हात झटकत भिंतीशी जाऊन उभी राहिली. कुणी पुटपुटलं, "सकाळी तर म्हणत होती विश्वास ठेवा." चिमटीनं ऐकलं. ऐकून घेण्यासारखंच होतं ते.

तिनं पहिल्या कटरपासून सुरुवात केली. खट्ट. खट्ट. खट्ट. वीस. तीस. पस्तीस. बोटं घामानं निसटत होती. अडतीस. एकोणचाळीस, खट्ट.

पुढं पट्टा रिकामा होता.

"एकोणचाळीसच आहेत," ती म्हणाली.

"पुन्हा मोजा." शिट्टीसाहेबानं स्वतः मोजले. एकोणचाळीस. तो वळला. "कुणाकडं राहिलाय? बोला लवकर. कुणी रागावणार नाही."

एकमेकांची तोंडं बघत सगळे उभे. खराब कटर कुणाकडं तरी आहे, तो खराब आहे हे त्या माणसाला आता माहीत आहे, आणि तरीही तो गप्प आहे. असं का करेल कुणी? का?

"हात वर करा सगळ्यांनी," शिट्टीसाहेब म्हणाला.

हात वर झाले. चिमटी एकेकाला बघत गेली. भिंतीशी, चौथ्या खांबाजवळ, आई. तिचा डावा हात वर होता. उजवा एप्रनच्या खिशात.

आणि एप्रनच्या निळ्या कापडावर, खिशाच्या खालच्या कोपऱ्यात, एक काळपट डाग पसरत चालला होता. आई सरळ समोर बघत उभी होती. तिला काहीही कळलेलं नव्हतं. तिच्या बोटांना कळणारच नव्हतं.

"आई," चिमटी म्हणाली. किती हळू म्हणाली! "हलू नकोस."

"काय गं?"

"काही नाही. हात तसाच ठेव. काढू नकोस बाहेर."

पण माणसाला हलू नको म्हटलं की तो आधी खाली बघतो. आईनं खाली पाहिलं. डाग पाहिला. तिनं हात उपसायला सुरुवात केली.

"ओढू नकोस!"

आई थबकली. चिमटी एव्हाना तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती. तिनं खिशाच्या बाजूनं डोकावलं. गडबडीत कोंबलेला मापाचा कटर पूर्ण उघडा होता. त्या हिसक्यानं बोटभर पात्याचं टोक खिशाचं आतलं कापड फाडून, खालचा कपडा भेदून मांडीत जरासं रुतलं होतं आणि आईची बोटं मुठीसकट पात्यावर आवळली गेली होती. हात ओढला तर पातं मांडीवरून फिरणार. एप्रन सोडून काढायला गेलं तरी तेच. कुठून वाट काढावी तेच कळेना.

"बाहेरून खिसा फाडायला हवा," शिट्टीसाहेब वाकून म्हणाला. "कात्री वर ऑफिसात आहे. आणतो."

"वेळ नाही, साहेब. ती थरथरतेय. तुम्ही तिचं कोपर धरा. घट्ट. आणि पट्ट्यावरचा एक द्या मला. कुठलाही."

तो क्षणभर घुटमळला. मग पट्ट्यावरून एक कटर उचलून तिच्या हातात ठेवला आणि आईचं कोपर दोन्ही हातांनी पकडलं.

चिमटीनं डाव्या हाताच्या चिमटीत खिशाचं वरचं कापड धरून बाहेर ओढलं. आत, कापडाच्या पलीकडं, आईची बोटं. मध्ये अंतर म्हणाल तर बोटाच्या पेरभर. तिनं अंगठा दाबला. पातं बाहेर आलं, तिनंच ठरवलेलं, पुठ्ठ्याच्या जाडीपेक्षा केसभर जास्त. कागदावर हे माप किती हुशारीचं वाटलं होतं! आता त्या केसभरावर आईचा हात होता.

तिनं कापड कापायला सुरुवात केली. एप्रनचं कापड जाडंभरडं. दोन बोटं कापलं, आणि घामानं अंगठा घसरला. खट्ट. पातं आत गेलं.

आई दचकली. "लागलं?"

"नाही. तो मिटला फक्त. श्वास घे."

पुन्हा अंगठा. पुन्हा दोन बोटं. आता पातं नेमकं आईच्या मुठीसमोर होतं. आईनं अचानक हुंदका दिला, मूठ पुढं आली, चिमटीचा अंगठा आपसूक उडाला. खट्ट. पातं आईच्या बोटांना लागण्याआधीच आत गेलं होतं. शिट्टीसाहेबानं दाबून धरलेला श्वास सोडला तो चिमटीला मानेवर जाणवला.

तिसऱ्या खेपेला खिसा खालपर्यंत फाटला. कापड बाजूला झालं. लाल झालेली बोटं, त्यांत तो कटर. चिमटीनं मापाच्या कटरचा खटका दोन बोटांनी पकडला आणि मागं ओढला. रबरावरून कुरकुरत तो मागं आला. मांडीतून पातं निघालं, बोटांमधून निघालं, कवचात गेलं.

"सोड आता मूठ," ती म्हणाली.

आईनं मूठ सोडली आणि ती मटकन खाली बसली.

नशीब म्हणायचं. मांडीला ओरखड्यापेक्षा जरासं जास्त, दोन बोटांना चिरा. प्रथमोपचाराच्या खोलीत परिचारिकेनं धुऊन पट्ट्या बांधल्या. टाके नको म्हणाली. तिघंच उरले मग त्या खोलीत. आई बाकावर, चिमटी तिच्या पायाशी स्टुलावर, आणि दारात शिट्टीसाहेब, हातात तो कागद.

घसा खाकरून तो म्हणाला, "बाई, काम थांबलं आणि रक्तही सांडलं. पण मी डोळ्यांनी बघितलंय. दोनदा. तो मिटला नसता तर मावशींची बोटं गेली असती. एक खराब आला तो तुमच्या टेबलावरचा, ते तुम्ही आपल्या तोंडानं भर हॉलमध्ये कबूल केलंत. इतकं कुणी करत नाही." त्यानं पेन उघडलं. "मी 'हो' लिहितोय."

चिमटीला खरं तर आनंदानं उडायला हवं होतं. पण तिची नजर आईच्या पट्ट्यांवरून हलत नव्हती.

"आई, तू दिला का नाहीस?"

"अगं गडबडीत..."

"गडबडीत नाही. मी ओरडून सांगितलं, सगळ्यांनी ठेवले. तू लपवलास. का?"

आईनं खाली बघितलं. चांगल्या हातानं पट्टीचं टोक चाचपत राहिली. मग बोलली, ते शिट्टीसाहेबाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, पण खोली होतीच केवढी.

"सकाळी पहिलं खोकं कापलं. अंगठा दाबून धरावाच लागेना. एकदा सरकवला की झालं. मला वाटलं, तू मुद्दाम माझ्यासाठी वेगळा केलास. म्हटलं, बघ, पोरीला न सांगता कळलं." ती थांबली. "मग तू ओरडलीस की तो खराब आहे. आता तो दिला असता तर दुसरा घ्यावा लागला असता. आणि मग दिवसभर तो दाबत... साहेबांनी बघितलं असतं की मला जमत नाही. कापायच्या टेबलावरून उठवलं की आमच्यासारख्यांना दुसरं काम नसतं, चिमटे. घरीच पाठवतात."

शिट्टीसाहेबानं पेन बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं.

चिमटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. राग होता तो. कुणावर ते तिलाही सांगता आलं नसतं. "तीन वर्षं! अकरा नमुने, आई! प्रत्येक वेळी विचारलं, कसा वाटतो. प्रत्येक वेळी छान!"

"मग काय सांगू?" आईही चिडली, एकदम, भरल्या आवाजात. "तू रात्ररात्र जागून आणायचीस. माझ्या हातात ठेवून तोंडाकडं बघत बसायचीस. त्या तोंडाला नाही म्हणवेना मला. आणि दहा-वीसदा दाबायला कुणाला जड जातंय? तेवढा छानच वाटायचा. खोटं नाही बोलले मी."

"साहेब," चिमटी म्हणाली, "'हो' लिहू नका."

"वेड लागलंय का तुला?" आई ओरडली. "लिहा हो साहेब तुम्ही! कटर चांगला आहे तिचा. माझा जीव वाचवला आत्ता त्यानं."

शिट्टीसाहेब कधी हिच्याकडं बघे, कधी तिच्याकडं. चिमटीनं नाक पुसलं. स्टूल पुढं ओढलं आणि आईचा उजवा हात, पट्ट्या बांधलेला, आपल्या दोन्ही हातांत घेतला. अंगठ्याच्या मुळाशी जुना व्रण होता, त्यावर तिनं बोट ठेवलं.

"कसा वाटतो ते नाही विचारत. किती, ते सांग. स्प्रिंगवाला हातात घेतलास, तर न दुखता किती खोकी होतात?"

"होतात गं. शंभरेक होत असतील."

"आई."

आईनं दाराकडं पाहिलं. शिट्टीसाहेब भिंतीवरची सूचना वाचण्यात गढून गेला होता. बावीस वर्षं तीच सूचना होती तिथं.

"वीस," आई म्हणाली. "वीस खोकी होतात. पुढं अंगठा माझा राहत नाही."

बाहेर पट्टा सुरू झाला. त्या हॉलमध्ये एका पाळीत एकेका माणसाच्या वाट्याला चारशे खोकी येतात.